मणक्याच्या ऑपरेशननंतर पाठ कशी दिसेल? संगणक हे कसं ठरवतो

कण्याला बाक असलेल्या मुलीला ऑपरेशन सुचवलं जातं, तेव्हा सर्जन एक्स-रेवर रेघा मारून सांगतात, "आत्ता ५५ अंशांचा बाक आहे, २० पर्यंत आणता येईल." आईवडील मान डोलावतात. मुलीच्या डोक्यात मात्र वेगळेच प्रश्न चालू असतात. पाठीवरचा उंचवटा जाईल का? खांदे एका पातळीत येतील का? फिटिंगचा ड्रेस घालता येईल का? याची उत्तरं अंशांच्या भाषेत मिळत नाहीत.

म्हणूनच काही संशोधकांनी गेल्या वीसेक वर्षांत संगणकाला हा प्रश्न विचारायला सुरुवात केली: ऑपरेशनच्या आधीच्या मोजमापांवरून, नंतरचं धड बाहेरून कसं दिसेल याचं त्रिमितीय चित्र बनवता येईल का? उत्तर आहे, "बऱ्यापैकी येतं." या लेखात मी हे चित्र कसं तयार होतं, त्यात कुठे अंदाज असतो आणि पालक म्हणून किंवा रुग्ण म्हणून ते कसं वाचायचं ते सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन करावं की नाही याचा सल्ला इथे मिळणार नाही. पण असं एखादं चित्र समोर आलं तर काय विचारायचं, ते नक्की कळेल.

थोडक्यात सांगायचं तर:

• कण्याचा एक्स-रे सरळ झाला म्हणून पाठ तेवढीच सरळ दिसेल असं नाही.
• सिम्युलेशनच्या मुख्य पद्धती दोन: एक शरीराचं भौतिकशास्त्र मांडते, दुसरी आधीच्या रुग्णांवरून शिकते.
• दोन्ही पद्धतींतून येतो तो अंदाज. त्याला चूक किती, हे विचारल्याशिवाय चित्र बघण्यात अर्थ नाही.
• ऑपरेशनने जे गमवावं लागतं, ते या चित्रात दिसत नाही.

आधी बाक म्हणजे काय ते बघू

कणा समोरून किंवा मागून बघितला तर सरळ रेषेत दिसायला हवा. तो बाजूला वळला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हा बाक मोजायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती अमेरिकन सर्जन जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. वळणाच्या वरच्या टोकाचा सगळ्यात कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सगळ्यात कललेला मणका घ्यायचा, दोन्हींवर रेघा मारायच्या आणि त्यांतला कोन मोजायचा. हाच कॉब कोन. १० अंशांपेक्षा जास्त असेल तर स्कोलिओसिस धरतात.

वयात येणाऱ्या मुलामुलींपैकी साधारण २ ते ३ टक्क्यांमध्ये हा बाक सापडतो. बहुतेकांचा किरकोळच असतो आणि नुसतं लक्ष ठेवून भागतं. वाढीच्या वयात बाक २५ ते ४० अंशांच्या आसपास असेल तर ब्रेस म्हणजे कडक पट्टा देतात. ४५-५० अंशांच्या पुढे गेला की ऑपरेशनचा विषय निघतो. मोठे बाक मुलींमध्ये बरेच जास्त आढळतात, त्यामुळे या लेखात मी "मुलगी" असंच म्हणत जाणार आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कणा फक्त बाजूला वळत नाही. तो वळताना स्वतःभोवती पिळलाही जातो. ओला टॉवेल पिळून वाकवल्यासारखा. छातीच्या भागातले मणके पिळले की त्यांना जोडलेल्या बरगड्याही फिरतात. एका बाजूच्या बरगड्या मागे येतात आणि पाठीवर उंचवटा दिसतो. दुसऱ्या बाजूला खळगा पडतो. मुलगी कमरेत पुढे वाकली की हा फरक जास्तच ठळक दिसतो, आणि म्हणूनच तपासणीत तिला वाकायला सांगतात.

हा उंचवटा मोजायला स्कोलिओमीटर नावाचं साधं उपकरण असतं. सुताराच्या पाणसळीसारखंच. ते वाकलेल्या पाठीवर आडवं ठेवलं की कल किती अंश आहे ते दाखवतं. ७ अंश हा आकडा बऱ्याच ठिकाणी पुढच्या तपासणीला पाठवायची सीमा म्हणून धरतात. ७ अंश म्हणजे प्रत्यक्षात किती? पाठीवर एकमेकांपासून २० सेंमीवर दोन बिंदू घेतले तर त्यांच्या उंचीत साधारण अडीच सेंमीचा फरक. १५ अंश झाले तर तोच फरक सव्वापाच सेंमीच्या आसपास जातो. कुर्त्यातून दिसतो तो हा फरक. कॉब कोन कुर्त्यातून दिसत नाही.

एक्स-रे सरळ, तरी पाठ वाकडी कशी?

सिम्युलेशनची गरज का पडली, ते या एका प्रश्नात आहे. कॉब कोन आणि बाहेरून दिसणारा आकार यांचा संबंध आहे, पण तो सैल आहे. ४० अंशांचा बाक असलेली एक मुलगी कपड्यांत अगदी नॉर्मल दिसते आणि तेवढ्याच अंशांच्या दुसरीचा उंचवटा लांबूनही कळतो. ऑपरेशननंतरही तसंच. याची कारणं मला तरी चार दिसतात.

पहिलं कारण बरगड्यांचं. बाक वर्षानुवर्षं राहिला की बरगड्यांचा मूळ आकारच बदलतो. ऑपरेशनमध्ये स्क्रू आणि रॉड मणक्यांना लावतात, बरगड्यांना नाही. मणका जागेवर आला तरी वाकडी वाढलेली बरगडी लगेच सरळ होत नाही. म्हणून काही वेळा सर्जन बरगड्यांचे छोटे तुकडे काढायचा वेगळा पर्याय सुचवतात.

दुसरं कारण खांद्यांचं. छातीच्या भागात उजवीकडे बाक असेल तर सहसा उजवा खांदा वर असतो. मधला मुख्य बाक सरळ केला आणि वरच्या छोट्या बाकाकडे दुर्लक्ष झालं, तर ऑपरेशननंतर डावा खांदा वर जाऊ शकतो. एक्स-रेवर आकडा उत्तम, आरशात मात्र नवीनच तक्रार.

तिसरं कारण मांस आणि चरबीचं. हाड आणि कातडी यांच्यामध्ये जे काही आहे ते हाडांची हालचाल काही ठिकाणी लपवतं, काही ठिकाणी जशीच्या तशी दाखवतं. सडपातळ मुलीत सगळं लगेच दिसतं.

चौथं कारण तोल सांभाळण्याचं. ऑपरेशनमध्ये काही मणके एकमेकांना कायमचे जोडले जातात. त्यांच्या वरचे आणि खालचे मोकळे मणके पुढचे कित्येक महिने नव्या स्थितीशी जुळवून घेत राहतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातली उभं राहण्याची ढब आणि दोन वर्षांनंतरची ढब यांत फरक पडतो.

इथे थोडा इतिहास उपयोगी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन यांनी १९५० च्या दशकात पोलिओमुळे बाक आलेल्या मुलांसाठी स्टीलचा रॉड वापरायला सुरुवात केली. तो कणा मुख्यतः ताणून सरळ करायचा. पिळावर त्याचा फारसा इलाज चालत नसे. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये इव्ह कोत्रेल आणि जाँ द्युबुसे यांनी दोन रॉड आणि अनेक ठिकाणी पकड अशी रचना आणली आणि कणा तिन्ही दिशांनी दुरुस्त करण्याचा विचार रुजला. पुढे मणक्यात थेट बसणारे स्क्रू आले. साधनं जितकी ताकदवान झाली, तितका "आकडा कमी झाला का?" याच्या जोडीला "दिसायला कसं झालं?" हा प्रश्न पुढे आला.

हा प्रश्न वरवरचा आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. अमेरिकेतल्या आयोवा इथल्या डॉक्टरांनी उपचार न घेतलेल्या स्कोलिओसिसच्या रुग्णांचा ५० वर्षं मागोवा घेतला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये छापले. त्यातली बहुतेक माणसं म्हातारपणीही कामाधामाची, धडधाकट होती. पाठदुखी जास्त होती, आणि स्वतःच्या शरीराच्या दिसण्याबद्दलची खंतही होती. म्हणजे दिसणं हा बऱ्याच जणींच्या बाबतीत ऑपरेशनमागचा खराखुरा हेतू असतो. हेतूच तो असेल, तर त्याबद्दल आधी काहीतरी सांगता यायला हवं.

पायरी १: बाहेरची पाठ मोजणं

दिसण्याचं भाकीत करायचं तर आधी आत्ताचं दिसणं आकड्यांत आणावं लागतं. १९७० मध्ये जपानमधल्या ताकासाकी यांनी मॉयरे पद्धत मांडली. बारीक जाळीतून पाठीवर प्रकाश टाकायचा, म्हणजे नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा पाठीवर उमटतात. डाव्या-उजव्या बाजूच्या रेषा सारख्या नसल्या की बाक ओळखू येतो. १९८० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये आयसिस नावाची प्रणाली तयार झाली. तिच्यात प्रकाशाची रेघ पाठीवरून फिरवून आकार संगणकात घेत असत.

आजचे स्कॅनर हीच कल्पना पुढे नेतात. पाठीवर प्रकाशाचे पट्टे टाकतात, कॅमेरा ते टिपतो, आणि पट्टे कुठे किती वाकले यावरून प्रत्येक बिंदूची खोली काढतात. पुढून, मागून आणि बाजूंनी असे चार स्कॅनर लावले की काही सेकंदांत अख्ख्या धडाची जाळी तयार होते. हजारो बिंदू, छोट्या छोट्या त्रिकोणांनी जोडलेले. यात किरणोत्सर्ग अजिबात नसतो, त्यामुळे ते वारंवार करता येतं.

पायरी २: आतला कणा त्रिमितीत आणणं

सीटी स्कॅनमध्ये हाडं त्रिमितीत मिळतात, मग तोच का नाही वापरत? दोन अडचणी. एक, किरणांचा डोस जास्त, आणि इथे रुग्ण वाढत्या वयातली मुलं. दोन, सीटी झोपवून करतात, आणि झोपलं की वजन उतरल्यामुळे बाक कमी होतो. आपल्याला तर उभ्या माणसाचा आकार हवा असतो.

म्हणून दोन एक्स-रे वापरतात, एक समोरून आणि एक बाजूनं, दोन्ही उभ्यानं. दोन्हींमध्ये प्रत्येक मणक्यावरचे ठरावीक बिंदू ओळखायचे. छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे १७ मणके, प्रत्येकावर साधारण ६ बिंदू. दोन दिशांनी दिसणारा एकच बिंदू भूमितीनं त्रिमितीत बसवता येतो. त्या सांगाड्यावर मग नमुन्यातल्या मणक्याचा आकार ताणून बसवतात.

या कामासाठी ईओएस नावाचं यंत्र बरंच प्रसिद्ध आहे. ते दोन्ही एक्स-रे एकाच वेळी, उभ्या स्थितीत आणि कमी डोसमध्ये काढतं. त्यामागचं तंत्र जॉर्ज शार्पाक यांच्या कण-शोधकातून आलं. त्याच शोधासाठी त्यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. मूलकणांचा माग काढणारं तंत्र शेवटी मुलांच्या पाठीपर्यंत पोचलं, ही गोष्ट मला फार आवडते.

पायरी ३: आत आणि बाहेर जुळवणं

आता आपल्याकडे दोन गोष्टी आहेत: बाहेरची जाळी आणि आतला कणा. दोन्ही वेगवेगळ्या यंत्रांवर घेतलेल्या. त्या एकमेकींत नेमक्या बसवण्यासाठी कातडीवर छोट्या खुणा चिकटवतात. या खुणा एक्स-रेमध्येही दिसतात आणि स्कॅनमध्येही. त्या जुळल्या की कणा धडात बरोबर जागी बसतो.

सांगायला सोपं, करायला अवघड. एक्स-रे काढताना मुलीचे हात वेगळ्या स्थितीत असतात, स्कॅनच्या वेळी वेगळ्या. श्वास वरखाली होतो. उभं राहणं प्रत्येक वेळी किंचित बदलतं. हा गोंधळ आधीच आवरला नाही तर पुढचं सगळं गणित डळमळीत पायावर उभं राहतं.

पहिली पद्धत: शरीराचं भौतिकशास्त्र

या पद्धतीत संगणकात शरीराची प्रतिकृती उभी करतात. हाडं कडक धरायची. हाडं आणि कातडी यांच्यामधली जागा चार त्रिकोणी बाजूंच्या हजारो छोट्या ठोकळ्यांनी भरायची. प्रत्येक ठोकळ्याला गुणधर्म द्यायचे: इथे स्नायू, इथे चरबी, इथे कातडी. कुठला किती ताणला जाईल, किती दबेल, हे त्यावरून ठरतं. मऊ भाग दाबला तरी त्याचं एकूण आकारमान जवळपास तेवढंच राहतं, हा नियमही घालतात. पाण्याची पिशवी एकीकडून दाबली की दुसरीकडे फुगते, तसंच.

मग ऑपरेशन "करायचं". स्क्रू कुठल्या मणक्यांत, रॉडचा वाक किती, मणके किती फिरवायचे, हे सॉफ्टवेअरला सांगायचं. कण्यापुरतं हे काम करणारा सिम्युलेटर कॅनडात माँट्रियलमध्ये कार्ल-एरिक ओबँ यांच्या गटानं तयार केला. दिसण्यासाठी त्याच्या पुढची पायरी लागते. मणके हलले की बरगड्या हलतात, बरगड्या हलल्या की मधले ठोकळे ताणले-दाबले जातात, आणि शेवटी कातडीची जाळी नव्या जागी येते. ती जाळी म्हणजे आपलं चित्र.

फायदा काय? "समजा वरचे दोन मणकेही जोडले तर खांदे कसे दिसतील?" असा प्रश्न या मॉडेलला विचारता येतो. योजना बदलली की चित्र बदलतं.

तोटा काय? या मुलीचे स्नायू किती ताठ आहेत, तिच्या बरगड्यांचे सांधे किती सैल आहेत, हे बाहेरून नेमकं मोजता येत नाही. मग इतरांवरून मिळालेले सर्वसाधारण आकडे घालावे लागतात. आणि ऑपरेशननंतर मुलगी स्वतःचा तोल कसा सावरेल, हे ठोकळ्यांच्या गणितात येतच नाही. ते मेंदूचं आणि सवयीचं काम आहे.

दुसरी पद्धत: आधीच्या रुग्णांकडून शिकणं

माँट्रियलमध्येच, सँत-ज्युस्तीन या मुलांच्या रुग्णालयाशी जोडलेल्या फरिदा शेरिएत आणि ह्युबर्ट लाबेल यांच्या गटानं भौतिक मॉडेलही केलं आणि दुसरी वाटही धरली. २०१४ मध्ये त्यांनी सांख्यिकीवर आधारलेली पद्धत मांडली.

कल्पना अशी. ऑपरेशन झालेल्या अनेक रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन घ्यायचे. प्रत्येक धड म्हणजे हजारो बिंदू, पण धडांमधला बदल काही मोजक्या दिशांनीच होतो: उंचवटा कमी-जास्त, धड डावीकडे-उजवीकडे सरकलेलं, कमरेची खळी खोल-उथळ. त्यामुळे अख्खं धड थोड्याशा आकड्यांत मावतं. मग "आधीचे आकडे असे असतील तर नंतरचे कसे होतात" हा संबंध संगणक शिकतो. नवी मुलगी आली की तिचे आधीचे आकडे द्यायचे आणि नंतरच्या धडाचा आकार मिळवायचा.

इथे स्नायूंचा ताठपणा माहीत असायची गरज नाही. तोल सावरणं, बरगड्यांचा हट्ट, सगळं जुन्या उदाहरणांतच आलेलं असतं. हिशेबही झटपट होतो.

पण या पद्धतीची एक खोड आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. असं मॉडेल सरासरीकडे झुकतं. समजा, एकसारख्या दिसणाऱ्या दहा मुलींपैकी पाचजणींचा २ मिमी उंचवटा उरला आणि पाचजणींचा १८ मिमी. चूक कमीत कमी करायची म्हणून मॉडेल अकराव्या मुलीला १० मिमी सांगेल. प्रत्यक्षात १० मिमी कुणाचाच नव्हता! शिवाय सरासरी काढताना बारीकसारीक वाकडेपणा एकमेकांना खोडून टाकतो. म्हणून अशा मॉडेलची पाठ खऱ्या पाठीपेक्षा गुळगुळीत आणि समतोल दिसण्याकडे कल असतो. चित्र मुद्दाम कुणी गोड केलेलं नसतं, गणितच ते गोड करतं.

दुसरी मर्यादा: मॉडेल ज्यांच्यावर शिकलं त्यांच्यासारख्यांनाच ते नीट लागू पडतं. एका रुग्णालयातले रुग्ण म्हणजे त्या रुग्णालयातल्या सर्जनांची पद्धत, तिथल्या मुलींची अंगकाठी. क्यूबेकमधल्या मुलींवर शिकलेलं मॉडेल नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या मुलीला तसंच्या तसं लावायचं असेल, तर आधी इथल्या स्कॅनवर ते तपासायला हवं.

"अचूकता" हा शब्द कसा वाचायचा

मॉडेल तपासायची रीत सोपी आहे. ज्या रुग्णाचं ऑपरेशन झालंय पण जिचा नंतरचा स्कॅन मॉडेलला दाखवलेला नाही, तिचा अंदाज काढायचा आणि खऱ्या स्कॅनशी ताडून बघायचा. मग सांगितलं जातं, "सरासरी चूक इतके मिलिमीटर."

इथे थांबा. सरासरी अख्ख्या धडाची असते. पोट, छातीचा मधला भाग, कंबरेची मागची बाजू, इथे ऑपरेशनने फारसा फरक पडतच नाही, त्यामुळे तिथला अंदाज आपोआप बरोबर येतो. मुलीचं लक्ष मात्र उंचवटा, खांदे आणि कमरेच्या खळ्यांवर असतं. धडाच्या नऊ भागांत चूक २ मिमी आणि उंचवट्याच्या एका भागात १२ मिमी असेल, तर सरासरी ३ मिमी येते. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत.) ३ मिमी ऐकायला छान वाटतं. पण प्रश्न त्या १२ चा होता.

आणखी एक गोष्ट. मोजमापालाच एक मर्यादा असते. एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांनी कॉब कोन मोजला तर ५ अंशांपर्यंत फरक येऊ शकतो. एकाच मुलीचे दहा मिनिटांच्या अंतराने दोन स्कॅन घेतले तरी ते हुबेहूब जुळत नाहीत. त्यामुळे अंदाज या फरकापेक्षा नेमका असल्याचा दावा कुणी केला, तर सावध व्हा.

चित्रात काय दिसत नाही

माझ्या मते या तंत्रज्ञानाबद्दल सगळ्यात आधी सांगायला हवी ती ही गोष्ट. सिम्युलेशन उभ्या, स्थिर माणसाचा आकार दाखवतं. म्हणजे ऑपरेशनचा जो फायदा डोळ्यांना दिसतो, तेवढाच पडद्यावर येतो. बाकीचं येत नाही:

• लवचिकता. जोडलेले मणके पुन्हा वाकत नाहीत. जितके जास्त जोडले, विशेषतः कमरेच्या भागात, तितकी वाकण्या-वळण्याची क्षमता कमी. भरतनाट्यम करणाऱ्या किंवा जिम्नॅस्टिक्स खेळणाऱ्या मुलीसाठी हा फरक उंचवट्याइतकाच मोठा असू शकतो.
• व्रण. मागून केलेल्या ऑपरेशनची खूण पाठीच्या मधोमध लांबलचक असते. आकाराच्या मॉडेलमध्ये ती नसते.
• धोका. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, मज्जारज्जूला इजा, पुन्हा ऑपरेशनची वेळ येणं. यांतलं काहीही चित्रात येत नाही.
• काळ. चित्र एका क्षणाचं असतं. मुलगी अजून वाढत असेल तर पुढची काही वर्षं आकार बदलत राहू शकतो.

एका पारड्यात डोळ्यांना दिसणारं सुंदर चित्र आणि दुसऱ्या पारड्यात नुसते शब्द, असा तराजू झाला की चित्र जिंकतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर हमखास. म्हणून चित्र दाखवताना बाकीच्या गोष्टीही तितक्याच ठसठशीतपणे दाखवायला हव्यात. किती मणके जोडल्यावर कमरेत किती वाकता येईल, हे कुणी ॲनिमेशननं दाखवलं तर मी त्याला उंचवट्याच्या चित्राइतकंच महत्त्व देईन.

उलट बाजूही सांगतो. दिसण्याचा विषय काढायला मुली संकोचतात. डॉक्टरांसमोर "दुखतं का?" याचं उत्तर देतात, "मला स्विमिंग सूट घालता येईल का?" हे विचारत नाहीत. पडद्यावर धड फिरवत बसलं की हे बोलणं निघतं. "मला हा खांदा जास्त खटकतो" असं मुलीनं म्हटलं आणि त्यावरून सर्जननं किती मणके जोडायचे याचा पुन्हा विचार केला, तर त्या चित्राचं काम झालं, अंदाज चार मिलिमीटरनं चुकला तरीही.

फोटो टाकून "सरळ" करणारी ॲप

आता एआयला पाठीचा फोटो देऊन "ऑपरेशननंतर कशी दिसेल दाखव" म्हटलं की दोन मिनिटांत चित्र मिळतं. ते बघू नका असं मी म्हणत नाही, पण त्यात काय आहे ते समजून घ्या. त्याला कण्याचा एक्स-रे माहीत नाही, बरगड्या माहीत नाहीत, सर्जनची योजना माहीत नाही. त्यानं असंख्य सरळ पाठींचे फोटो पाहिलेत आणि तुमच्या फोटोवर तशीच पाठ रंगवली आहे. वर सांगितलेल्या पद्धतींशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. हे फोटो आणि स्कॅन अल्पवयीन मुलींच्या उघड्या पाठीचे असतात. कुठल्याही अनोळखी ॲपवर ते टाकू नका. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलंय आणि तिचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. रुग्णालयातही स्कॅन कुठे साठवणार, संशोधनासाठी वापरणार का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चित्र समोर आलं तर हे विचारा

१. हे चित्र माझ्या मुलीच्या मोजमापांवरून बनवलंय की नमुन्याचं आहे?
२. आत्ताची ऑपरेशनची योजना यात घातली आहे का? योजना बदलली तर चित्र बदलेल का?
३. मॉडेल कोणत्या रुग्णांवर तपासलंय? आमच्या मुलीच्या प्रकारचा बाक त्यात होता का?
४. उंचवट्याच्या जागी आणि खांद्यांच्या पातळीत चूक किती येते? अख्ख्या धडाची सरासरी नको.
५. एकच चित्र न देता "चांगलं, मधलं, कमी चांगलं" अशी तीन दाखवता येतील का?
६. हे चित्र ऑपरेशननंतर किती महिन्यांचं समजायचं?
७. किती मणके जोडणार, आणि त्यानं कुठल्या हालचाली कमी होतील?

पाचवा प्रश्न सगळ्यात कामाचा. तीन चित्रं शेजारी शेजारी बघितली की अंदाज म्हणजे काय ते आपोआप कळतं.

तुमच्या रुग्णालयात हे सॉफ्टवेअर नसेल तर? काही बिघडत नाही. सर्जनना सांगा की आमच्या मुलीसारखा बाक असलेल्या, तुम्ही ऑपरेशन केलेल्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो, त्यांच्या संमतीनं आणि ओळख झाकून, दाखवता का. फक्त सर्वात चांगले नको, मधलेही दाखवा म्हणा. दुसरी पद्धत संगणकात करते ते हेच, फक्त इथे हिशेब तुमचे डोळे करतील.

नेहमी पडणारे प्रश्न

*जड दप्तरामुळे हा बाक येतो का?*
जड दप्तरानं पाठ दुखू शकते. पण वयात येताना होणारा स्कोलिओसिस दप्तरामुळे होतो असं मानायला आधार नाही. मुलीला त्यावरून बोल लावू नका.

*सिम्युलेशन चांगलं दिसलं म्हणून ऑपरेशन करावं का?*
नुसतं तेवढ्यावरून नाही. बाक किती, वाढ किती शिल्लक, बाक वाढतोय का, हे आधी. वाढ संपल्यावरही ५० अंशांच्या पुढचे बाक वर्षाला साधारण एक अंशाच्या आसपास वाढत राहू शकतात, आणि डॉक्टरांच्या निर्णयात हे मोठं कारण असतं. चित्राची जागा त्याच्या नंतरची.

*ब्रेसनं दिसण्यात फरक पडतो का, ते असं बघता येतं का?*
स्कॅन आणि मॉडेलिंग ब्रेस बनवतानाही वापरतात. ब्रेसचा मुख्य उद्देश बाक वाढू न देणं हा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवलं, की ब्रेसमुळे ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं, आणि दिवसातून जितके जास्त तास वापरला तितका उपयोग जास्त.

*ऑपरेशननंतर लगेच पाठ चित्रासारखी दिसेल का?*
नाही. सूज उतरायला आणि उभं राहण्याची नवी सवय लागायला वेळ जातो. तुलना करायचीच असेल तर किमान सहा महिन्यांनी, शक्यतो वर्षा-दोन वर्षांनी नवा स्कॅन घेऊन करा. आणि जमलं तर तो स्कॅन संशोधनासाठी द्यायचा विचार करा. आपल्याकडच्या मुलींवर तपासलेलं मॉडेल बनायचं असेल, तर आपल्याकडचेच आधीचे-नंतरचे स्कॅन लागतील.